तिसाव्या दिवसाचा रकाना

आटपाट बुवापाडा होता. तिथं पत्र्याच्या दोन खोल्यांत एक म्हातारी, तिचा लेक अशोक आणि सून वंदना अशी तीन माणसं राहत होती. लेक हिशेबी डोक्याचा, सून कमी बोलणारी. म्हातारी ती मी.

आमच्याकडं जीन्सच्या धागा कटिंगचं काम चालतं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून शिवलेल्या पँटींची गाठोडी टेम्पोनं येतात. आम्ही बायका त्यांचे लोंबते धागे कापतो आणि गाठोडी परत पाठवतो. संध्याकाळी खोलीत धाग्यांचा ढीग पडतो. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पदराला, वेणीला, एखाद वेळी भाकरीतसुद्धा एक निघतोच. किश्शांचंही तसंच. मी काही ते जमवायला गेले नाही, झाडूनही जे राहिले ते हे. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगतेय आणि घरातलंच माणूस लिहून घेतंय. पण विसरलेली मी काही नाही.

\*

अशोक मोरिवलीकडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होता. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात, त्याला तोंडपाठ. घरातसुद्धा डब्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. मला वाचता येत नाही म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर त्या-त्या डाळीचा एक दाणा डिंकानं चिकटवलेला.

त्याला कादंबरी लिहायची होती. म्हणायचा, "आई, कादंबरीला महिना पुरतो. लोक उगाच वर्षं घालवतात. सगळा खेळ प्लॅनिंगचा आहे."

हे प्लॅनिंग सहा वर्षं चाललं.

एकदा त्यानं साठवून ठेवलेली महिन्याची रजा घेतली. पहिल्या दिवशी टेबलाचा हलता पाय दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी पाच पेनं आणली आणि कुठलं पळतं ते बघत बसला. घरात गडबड होते म्हणून बदलापूरला बहिणीकडं गेला, आणि त्याच संध्याकाळी परत आला. का रे, विचारलं तर म्हणाला, "तिथं फारच शांतता आहे."

रजेच्या शेवटच्या दिवशी मी विचारलं, "झाली का रे तुझी कादंबरी?"

त्यानं कॅलेंडरचं मोठं पान उलटं करून भिंतीला लावलं. त्यावर पट्टीनं आखलेले तीस रकाने. एका दिवसाला एक रकाना आणि त्यात त्या दिवशी काय लिहायचं ते बारीक अक्षरात.

"प्लॅन फायनल झाला, आई," तो म्हणाला. "आता फक्त रजा पाहिजे."

\*

त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही निफाडकडं गेलो होतो. तिचे आईबाप नव्हते, थोरला भाऊ नामदेव सगळं बघत होता. पोहे झाले, चहा झाला. नामदेव म्हणाला, "काय विचारायचं ते विचारा."

लोक विचारतात, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "तुमचं अक्षर कसं आहे?"

नामदेवाला वाटलं मुलगा चक्रम आहे. मलाही जरा तसंच वाटलं. वंदना मात्र मान खाली घालूनच बोलली, "वाचणारा असला तर चांगलं आहे."

परत येताना एसटीत हा सारखा खिडकीबाहेर बघून हसत होता. मी म्हटलं, "पसंत आहे ना?"

म्हणाला, "आई, ही मुलगी प्लॅनमध्येच नव्हती."

\*

लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग गोळ्या, मग दवाखाना. अकरा दिवस.

शेवटच्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानं वंदनाला जवळ बोलावून विचारलं, "माझी रजा किती शिल्लक आहे?"

नर्स म्हणाली, बिचाऱ्याला कामाची काळजी दिसते. रजा कशाला हवी होती ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

\*

माणूस गेलं की घरातल्या बायका रडतात. वंदना रडली नाही. लोक आले, बसले, तिला हलवून-हलवून म्हणाले, रड बाई, मोकळी हो. ती उठून त्यांच्यासाठी चहा टाकायची. अकरा महिने अशीच. सकाळी कात्री हातात घ्यायची, संध्याकाळी ठेवायची. घरात मी आणि ती, आणि मध्ये पँटींचा ढीग.

वर्षश्राद्धाला महिना राहिला तेव्हा नामदेव आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, मूलबाळ नाही, वय तिचं एकोणतीस. इथं ठेवून काय करायचं? वर्ष झालं की घेऊन जातो."

त्याचं काही चुकत होतं असं नाही. मी म्हटलं, "तिला विचार."

वंदना म्हणाली, "येते, दादा. पण त्याआधी एक काम उरकते."

"कसलं काम?"

"महिन्याभराचं आहे."

तो गेल्यावर तिनं अशोकची ट्रंक उघडली. आत कोऱ्या कागदांची दोन रिमं, पाच पेनं, आणि ते कॅलेंडरचं पान. तिनं पान भिंतीवर त्याच खिळ्याला लावलं आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

लेकाचं राहिलेलं काम पुरं व्हावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? मलाही वाटत होतं. पण मला तीसपर्यंत मोजता येतं. काम पुरं झालं की सून जाणार, एवढं कळायला शाळा लागत नाही.

\*

आमच्या गल्लीत कामाला बसणाऱ्या दोघी शेजारणी, कमल आणि सुगंधा. कमल तोंडाची फटकळ. सुगंधा शांत, पण कामात एक धागा सोडणार नाही. वंदना लिहायला बसणार हे कळल्यावर दोघींनी तिच्या वाटणीच्या पँटी आपसांत वाटून घेतल्या. कमल म्हणाली, "तू तुझे नग काढ, आम्ही आमचे काढतो."

रोज सात पानं, असं प्लॅनमध्ये होतं. बारा पानं झाली की वंदना ती जीन्सच्या कापडाच्या पट्टीनं बांधायची, कारण आमच्याकडं बारा नगांचा गठ्ठा त्याच पट्टीनं बांधतात. दुपारी लोडशेडिंग असायचं. पंखा बंद पडला की आम्ही गल्लीत सावलीला बसायचो आणि ती लिहिलेलं वाचून दाखवायची. आमच्या कात्र्या चालू.

चौथ्या दिवशी कमलनं कात्री खाली ठेवली. "ए वंदना, चार दिवस झाले. या घरात पाणी कोण भरतं?"

वंदना म्हणाली, "म्हणजे?"

"ती तुझी नायिका सकाळी उठते, खिडकीत बसते, आठवण काढते. नळ किती वाजता येतो तिच्याकडं? चार दिवस पाणी नाही भरलं तर आठवण कसली येणार, वास येईल."

सुगंधा म्हणाली, "प्लॅनमध्ये नाही का पाणी?"

वंदनानं आत जाऊन भिंतीवर बघितलं. तिसांतल्या एकाही रकान्यात पाणी नव्हतं. अशोकनं जन्मात कधी हंडा उचलला नव्हता, त्याला कुठून सुचणार?

दुसऱ्या दिवशी तिनं नळावरची रांग लिहून आणली. हंडे, भांडण, नंबर, सगळं. कमलनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "आता कशी माणसं राहायला आल्यासारखी वाटतात."

\*

बाराव्या रकान्यात अशोकनं लिहिलं होतं: नवरा परगावी जातो, नायिका रडते, पानं सात.

त्या दिवशी वंदना सकाळपासून कागदासमोर बसली. दुपारी आम्ही सावलीला जमलो तेव्हा रिकाम्या हातानं बाहेर आली.

"काय झालं?" सुगंधानं विचारलं.

"जमत नाही."

"सात नको, दोन पानं रड," कमल म्हणाली.

"एक ओळपण येत नाही. मला माहीतच नाही ते कसं करतात."

कमलसारखी कमल, तीही मान खाली घालून कात्री चालवायला लागली. तेराव्या दिवशी तेच, चौदाव्या दिवशी तेच. शेवटी सुगंधानं तोड काढली. म्हणाली, "लॉटमध्ये एखादा नग अडला तर आपण अख्खा लॉट थांबवतो का? बाजूला ठेव. पुढचे काढ."

मग वंदनानं बाराव्या दिवसाची सात कोरी पानं पट्टीनं बांधून ट्रंकेत ठेवली आणि तेराव्या रकान्यापासून पुढं लिहायला लागली. बुडालेले दिवस तिनं पहाटे उठून भरून काढले.

मी रोज त्या कोऱ्या गठ्ठ्याकडं बघायची. मला तसेही सगळे कागद सारखेच. पण तो उचलला की जड लागायचा.

\*

आता जे सांगते ते मी कमलला आणि सुगंधाला कधी सांगितलं नाही.

सव्विसावा दिवस आला. वंदनाला आता वेग आला होता. नामदेवाचा फोन कमलच्या घरी आला, येतोय म्हणून. बदलापूरच्या लेकीनं निरोप पाठवला, आई, आता तू माझ्याकडंच ये. लेक चांगली आहे, नातवंडं गोड आहेत. पण तिथं मला खुर्चीवर बसवतात आणि कशाला हात लावू देत नाहीत.

टेम्पो यायची वेळ झाली होती. वंदना रेशनच्या दुकानात गेली होती. मी ट्रंक उघडली, मधले दोन गठ्ठे काढले आणि पँटींच्या गाठोड्यात अगदी तळाला सरकवले. टेम्पोवाल्यानं गाठोडं उचललं आणि गेला.

दोन गठ्ठे म्हणजे चोवीस पानं. परत लिहायला चार दिवस तरी जातील, काम पुरं व्हायच्या आत श्राद्ध होऊन जाईल, नामदेव किती दिवस थांबेल? असा माझा प्लॅन. आयुष्यात पहिल्यांदाच मी प्लॅन केला.

संध्याकाळी वंदनाला गठ्ठे सापडेनात. कमल म्हणाली, "पट्टी तीच, गठ्ठा तसाच. गेला असेल चुकून गाठोड्यात." सुगंधा म्हणाली, "असंच झालं असणार." मीही मान हलवली.

वंदनानं ट्रंक लावली. भिंतीपाशी गेली आणि त्या कॅलेंडरच्या पानावर हात ठेवून उभी राहिली. अशोकला दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याच्या छातीवर असाच हात ठेवून उभी होती.

मी म्हटलं, "चल, सकाळी पाच नंबरला जाऊ."

\*

सकाळी रिक्षानं दोघी गेलो. उल्हासनगरचा पाच नंबर म्हणजे घराघरात मशिनी, गटारात निळं पाणी. सगळ्या रस्त्यानं मी मनात म्हणत होते, देवा, गठ्ठे पँटींबरोबर धुलाईला गेलेले नसू देत.

आमच्या सिंधी शेठच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर चेकिंग चालतं. दहा-बारा बाया आणि त्यांच्यावर गायकवाड मास्तर. पँट हातात घ्यायची, फिरवून बघायची. नीट असली तर खडूनं बरोबरची खूण. कुठं धागा राहिला असला तर तिथं खडूनं गोल करायचा आणि परत पाठवायची.

आम्ही जिना चढलो तर मशिनींचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही. सगळ्या बाया हातातल्या पँटी मांडीवर टाकून बसलेल्या, आणि मास्तर उभ्यानं वाचतायत. माझ्या सुनेचे शब्द. दाराशी शेठ उभा. आम्हाला बघून त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अम्मा, दो मिनट. ये पेज होने दो."

पान झालं. मी हात जोडले. "मास्तर, ती पानं आमची आहेत. चुकून आली."

मास्तरांनी वंदनाकडं बघितलं. "तुम्ही लिहिलंय?"

तिनं मान हलवली.

"काल संध्याकाळपासून तिसऱ्यांदा वाचतोय," मास्तर म्हणाले. "काम सगळं पडून आहे."

शेठ म्हणाला, "साईं, काम का मत बोलो. पहले पूछो, आगे का माल किधर है?"

मास्तरांनी पानं परत दिली. पहिल्या पानावर गुलाबी खडूनं बरोबरची खूण होती, म्हणजे पास. पण मधल्या एका पानावर गोल केलेला.

"इथं धागा राहिलाय," एक चेकिंगवाली बाई म्हणाली. "ही सासू हंडा घेऊन नळावर गेली. चोवीस पानं संपली तरी ती परत आली नाही. घरात कोणी विचारलंपण नाही, म्हातारी कुठं राहिली म्हणून."

वंदनानं पान डोळ्यांजवळ नेलं. आम्ही तिघींनी रोज ऐकलं होतं, आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

"राहिलीच की," ती हळूच म्हणाली.

निघताना मास्तर म्हणाले, "आणि हे घ्या. गठ्ठे यात गुंडाळलेले होते. निळा डाग लागू नये म्हणून कोणीतरी काळजीनं बांधलेत."

ते माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं.

वंदनानं ते हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं. चुकून गेलेला गठ्ठा कोणी फडक्यात बांधत नाही. रिक्षात बसल्यावर तिनं फडक्याची घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"आई, तुमचं लुगडं."

एवढंच. मी घरापर्यंत मान वर केली नाही.

घरी आल्यावर तिनं ट्रंकेतला तो कोरा गठ्ठा काढला आणि मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. आधी पेनाचा आवाज येत होता. मग दुसरा आवाज यायला लागला. सुगंधा दारात आली, तिनं ऐकलं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अंधार पडेपर्यंत बाराव्या दिवसाची सात पानं झाली. मी ती दोरीवर वाळत घातली.

\*

श्राद्धाच्या दिवशी नामदेव सकाळीच आला. भटजी येऊन गेले, कावळा शिवला, पानं वाढली. वंदनाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मीच भरली होती. नऊ साड्या, तिचं पितळेचं तबक, अशोकची पाच पेनं.

कमल आणि सुगंधा आल्या होत्या. कमल म्हणाली, "आज तिसावा. शेवटच्या रकान्यात काय आहे ते तरी सांग. महिनाभर विचारतेय, बोलत नाहीस."

वंदनानं भिंतीवरचं पान काढलं. जमिनीवर पसरलं. कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि वाचलं, "दिवस तिसावा. शेवट काय करायचा ते आईला विचारणे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा लेक जाऊन वर्ष झालं होतं आणि तो मला विचारत होता.

गोष्टीला मी कधी अडले नाही. कुणाच्या बारशाला, कुणाच्या जागरणाला मला गोष्टीसाठी बोलावतात. शेवट तर माझ्या जिभेवर असतो. त्या दिवशीही होता.

मी म्हटलं, "मला नाही सुचत."

"सुचेल," वंदना म्हणाली.

"वेळ लागेल."

नामदेवानं विचारलं, "किती वेळ, मावशी?"

"ते कसं सांगणार, बाबा?"

वंदनानं पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "दादा, तू जेवून घे, तुझी गाडी चुकेल. आईंना शेवट सुचला की मी कळवते."

"अगं, पण तू महिना म्हणाली होतीस."

"प्लॅन त्यांचा आहे," ती म्हणाली. "मी नुसती लिहितेय."

नामदेवानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात धुवायला मोरीकडं गेला. कमलनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. टेम्पो येतो तेव्हा पँटींबरोबर एक गठ्ठा पाच नंबरला जातो. खडूची खूण होऊन परत येतो. ती नळावर गेलेली सासू हंडा घेऊन घरी आली, आणि आल्यापासून तिचं तोंड काही बंद नाही. नामदेव दिवाळीला येतो, दारातूनच विचारतो, "मावशी, सुचला का?"

मी म्हणते, "विचार चालू आहे."

अशी ही तीस रकान्यांची कहाणी. सुफळ झाली. संपूर्ण व्हायची आहे.